सँडी कोफॅक्सची पहिली सहा वर्षे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकन बेसबॉलमधील लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, सँडी कोफॅक्स याने ९ सप्टेंबर १९६५ रोजी शिकागो कब्ज या संघाच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना पहिल्या बेसवरही, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरील पहिल्या टप्प्यावरही, पोहोचू दिले नाही, त्या सामन्याविषयी गेल्या अंकात आम्ही लेख दिला होता. कारकिर्दीच्या पहिल्या सहा वर्षांत हाच पिचर जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेल्या सामन्यांचा धनी होता, असे एक वाक्य त्यात ओघात येऊन गेले (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर नोंदवतात). मूळ लेखापेक्षा या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (सातारा) : आम्ही क्रिकेट पाहणारी माणसे. लेखात ‘वॉक’ हा शब्द वारंवार आला, पण त्याचा नेमका अर्थ लागला नाही. शिवाय जो पिचर इतक्या फलंदाजांना स्ट्राइकआउट करत होता, तो सामने कसा हरत होता?

उत्तर : पिचर ६० फूट ६ इंच अंतरावरून चेंडू टाकतो. समोर १७ इंच रुंदीची होम प्लेट असते आणि तिच्या वरच्या अंगाला, फलंदाजाच्या उंचीनुसार ठरणारी, स्ट्राइक झोन नावाची एक काल्पनिक चौकट असते. चेंडू या चौकटीतून गेला किंवा फलंदाजाने बॅट फिरवूनही त्याला चेंडू लागला नाही, तर तो स्ट्राइक; चौकटीबाहेर गेला आणि फलंदाजाने तो सोडून दिला, तर तो बॉल. तीन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज बाद होतो, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. चार बॉल झाले की फलंदाज काहीही न करता चालत पहिल्या बेसवर जातो, आणि हाच वॉक. क्रिकेटमधल्या वाइडची शिक्षा एक धाव आणि एक जादा चेंडू देऊन संपते. वॉकने मात्र प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस बेसवर येऊन बसतो आणि पुढच्या फलंदाजाच्या फटक्यावर तो धाव पुरी करू शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. तीन बॉल झाले की पुढचा चेंडू पिचरला चौकटीत टाकावाच लागणार, आणि ज्याचा आपल्या वळणाऱ्या चेंडूवर भरवसा नाही असा पिचर त्या वेळी सरळ, वेगवान चेंडूच टाकणार, हे फलंदाजाला पुरते ठाऊक असते. तो त्याच चेंडूची वाट पाहत उभा राहतो. म्हणजे नियंत्रण नसल्याचे नुकसान केवळ वॉकपुरते राहत नाही, तर चौकटीत पडलेल्या चेंडूंवरही फटके बसू लागतात. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ डाव असतात आणि तीन फलंदाज बाद झाले की एक डाव संपतो, म्हणून पिचरने टाकलेले डाव तृतीयांशातही मोजतात. १९५५ ते १९६० या सहा हंगामांत कोफॅक्सने ६९१⅔ डाव टाकले, त्यांत ६८३ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि ४०५ फलंदाजांना वॉक दिला. त्या काळात जवळजवळ दर डावाला एक स्ट्राइकआउट ही असामान्य गोष्ट होती, आणि दर नऊ डावांना पाचांहून अधिक वॉक ही कोणत्याही काळात न परवडणारी गोष्ट आहे.

प्रश्न (नाशिक) : सहा वर्षांत ३६ विजय आणि ४० पराभव, असा हिशेब असलेला तरुण इतकी वर्षे मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, राहिला कसा? अमेरिकेत नवख्या खेळाडूंना तयार करण्यासाठी मायनर लीगची एवढी मोठी उतरंड असताना त्याला तेथे पाठवून शिकू का दिले नाही?

उत्तर : पहिली दोन वर्षे त्याला खाली पाठवणे नियमाने शक्यच नव्हते. आमच्या मते कोफॅक्सच्या सुरुवातीच्या कारकिर्दीचा बराचसा उलगडा या एका गोष्टीने होतो, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

कोफॅक्सचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. शाळेत असताना त्याचा खरा खेळ बास्केटबॉल होता आणि सिनसिनाटी विद्यापीठातही तो प्रथम बास्केटबॉलच्याच संघात होता. १९५४ च्या वसंतात तो विद्यापीठाच्या बेसबॉल संघातून खेळला आणि तीसेक डावांत त्याने ५१ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. याच डावांत त्याने दिलेले वॉक ३० होते. पुढे जे व्हायचे होते त्याचे सारे चित्र या दोन आकड्यांतच उमटले होते, परंतु संघांचे निरीक्षक अशा वेळी पहिलाच आकडा पाहतात. न्यूयॉर्क जायंट्सने त्याची चाचणी घेतली, तेव्हा त्याचे चेंडू इकडेतिकडे भरकटले. पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाचणीत त्याच्या एका चेंडूने, तो झेलणाऱ्या सॅम नॅरन या प्रशिक्षकाचा अंगठाच मोडला. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये आणून तेथील वर्णभेदाची भिंत मोडणारे ब्रँच रिकी तेव्हा पायरेट्सचा कारभार पाहत होते. या मुलाच्या हाताची त्यांनी तोंड भरून स्तुती केली, करार मात्र केला नाही. शेवटी ब्रुकलिन डॉजर्सचे (हाच संघ १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला) निरीक्षक अल कॅम्पॅनिस यांनी त्याला एबेट्स फील्ड या संघाच्या मैदानावर बोलावले. आयुष्यात दोनदाच आपल्या अंगावर काटा आला, एकदा रोमच्या सिस्टीन चॅपेलचे छत पाहताना आणि दुसऱ्यांदा कोफॅक्सचा वेगवान चेंडू पाहताना, असे कॅम्पॅनिस पुढे सांगत असत.

डिसेंबर १९५४ मध्ये झालेल्या करारानुसार त्याला वर्षाला ६,००० डॉलर पगार आणि करारावर सही करण्याचे १४,००० डॉलर मिळाले. घोटाळा झाला तो या दुसऱ्या रकमेने. त्या काळी मेजर लीगमध्ये असा नियम होता की, नव्या खेळाडूला ४,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम देऊन करारबद्ध केले, तर त्याला दोन वर्षे मेजर लीगच्या पंचवीस जणांच्या संघातच ठेवले पाहिजे. अशा तरुणांना तेव्हा ‘बोनस बेबी’ म्हणत. श्रीमंत संघांनी पैशाच्या बळावर होतकरू मुले गोळा करून ती मायनर लीगमध्ये साठवून ठेवू नयेत, हा नियमामागचा हेतू होता, आणि तो वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. शिक्षा मात्र संघापेक्षा मुलालाच अधिक झाली, कारण ज्या वयात त्याने दर चार-पाच दिवसांनी पूर्ण सामना टाकायला हवा होता, त्या वयात तो बाकावर बसून राहिला.

कोफॅक्सला जागा करून देण्यासाठी डॉजर्सनी १९५५ च्या जूनमध्ये ज्या दुसऱ्या डावखुऱ्या पिचरला माँट्रियलच्या मायनर लीग संघात पाठवले, त्याचे नाव टॉमी लासॉर्डा. मला डॉजर्समधून काढायला सँडी कोफॅक्स लागला, हा विनोद लासॉर्डा यांनी जन्मभर ऐकवला. मेजर लीगमध्ये पिचर म्हणून त्यांना एकही विजय मिळाला नाही, पण पुढे याच संघाचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी १९८१ आणि १९८८ च्या वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिका, जिंकल्या.

कोफॅक्सचा पहिला सामना २४ जून १९५५ रोजी मिलवॉकीविरुद्ध झाला. संघ १-७ असा पिछाडीवर असताना त्याला पाचव्या डावात आणले गेले. हरल्यात जमा झालेला सामना ही अशा मुलाला खेळवण्याची सर्वांत बिनधोक जागा असते. पहिल्या फलंदाजाने हलका फटका मारून बेस गाठला, दुसऱ्याने चेंडू नुसता जमिनीवर टेकवला तो कोफॅक्सने उचलून थेट मैदानाच्या मध्यभागी भिरकावला, आणि तिसऱ्या, म्हणजे हँक ॲरनला, चार चेंडूंत वॉक दिला. तिन्ही बेस भरले. त्यानंतर त्याने बॉबी थॉमसनला स्ट्राइकआउट केले, आणि पुढच्या फटक्यावर दोघे बाद होऊन डाव एकही धाव न देता संपला. पहिल्या सहा वर्षांतल्या कोफॅक्सचा यापेक्षा नेमका नमुना शोधूनही सापडणार नाही.

६ जुलैला त्याला सामन्याच्या सुरुवातीपासून पिचिंग करण्याची पहिली संधी मिळाली, आणि ४⅔ डावांत त्याने आठ वॉक दिले. त्यानंतर सामन्याची सुरुवात करण्यासाठी त्याचा नंबर लागला तो थेट २७ ऑगस्टला. सात आठवड्यांनी पुन्हा सामना सुरू करायला माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलाने सिनसिनाटीला बेस गाठून देणारे दोनच फटके मारू दिले, १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि सामना ७-० असा जिंकला. त्या हंगामात त्याने दोन सामने जिंकले आणि दोन्हींत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. तरी त्याच्या वाट्याला संपूर्ण हंगामात ४१⅔ डाव आले, आणि पुढच्या वर्षी ५८⅔. त्या काळी नियमित खेळणारा पिचर एका हंगामात दोनशेहून अधिक डाव टाकत असे, हे लक्षात घेतले म्हणजे दोन वर्षांत मिळून शंभर डाव ही किती तुटपुंजी शिदोरी होती ते कळते.

येथे व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या हाती साधासुधा संघ नव्हता. डॉजर्सनी १९५५ साली आपल्या इतिहासातील पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली आणि १९५६ सालीही मेजर लीगच्या दोन लीगांपैकी आपल्या, म्हणजे नॅशनल लीगचे विजेतेपद राखले. एका सामन्यात चौदा फलंदाज बाद करणारा आणि पुढच्या सामन्यात आठ वॉक देणारा पिचर अशा संघात खेळवायचा तर व्यवस्थापकाची छाती मोठी लागते. १९५५ च्या विजेतेपदाच्या त्या मालिकेत कोफॅक्सने एकही चेंडू टाकला नाही. त्या दिवसांत तो कोलंबिया विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेत होता, आणि सातवा, निर्णायक सामना संपल्यावर संघाचा जल्लोष चालू असताना तो वर्गाला हजर राहण्यासाठी निघून गेला.

नियमाचे बंधन मे १९५७ मध्ये उठले. आता त्याला खाली पाठवता येत होते, आणि पाठवावे की नाही हे ठरवण्यासाठीच जणू ऑल्स्टन यांनी लगेच दुसऱ्या दिवशी त्याला शिकागोत सामना सुरू करायला लावला. त्याने पूर्ण सामना टाकला आणि तेरा फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणून तो राहिला. पुढचे काही सामनेही चांगले गेले, आणि तरीसुद्धा नंतर सुमारे दीड महिना त्याला सामन्याची सुरुवात करण्याची संधी मिळाली नाही. या दीड महिन्याचे खापर कोणत्याही नियमावर फोडता येत नाही, आणि येथे ऑल्स्टन यांच्या बाजूने बोलणे आम्हाला कठीण जाते.

नियम सर्वांनाच मारक ठरला असे मात्र नाही. डेट्रॉइटचा अल कॅलाइन १९५३ साली याच नियमाखाली शाळेतून थेट मेजर लीगमध्ये आला आणि १९५५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. उलट वॉशिंग्टनचा हार्मन किलब्रू बाकावर बसून राहिला, बंधन उठल्यावर मायनर लीगमध्ये जाऊन खेळला आणि १९५९ मध्ये परतल्यावर त्याने ४२ होमरन, म्हणजे थेट सीमेबाहेर जाणारे फटके, मारले. कोफॅक्सला यांपैकी कोणताच मार्ग मिळाला नाही. १९५६-५७ च्या हिवाळ्यात पोर्टो रिकोत खेळलेले काही सामने सोडले, तर शिकण्यासाठीचे सारे सामने त्याला हजारो प्रेक्षकांसमोर आणि जगातल्या सर्वोत्तम फलंदाजांसमोरच खेळावे लागले.

प्रश्न (कोल्हापूर) : मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. नॉर्म शेरी नावाच्या कॅचरने (पिचरचे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) एकदा विमानप्रवासात “जोर कमी लाव” असा सल्ला दिला आणि कोफॅक्स रातोरात बदलला, ही गोष्ट मी अनेक ठिकाणी वाचली आहे. ती कितपत खरी मानावी?

उत्तर : घटना खरी आहे, ‘रातोरात’ हा शब्द खरा नाही.

मार्च १९६१ मध्ये डॉजर्सचा सराव फ्लॉरिडातील व्हेरो बीच येथे चालू होता. तेथून मिनेसोटा ट्विन्सविरुद्धच्या एका किरकोळ सराव सामन्यासाठी दुय्यम संघ ऑर्लँडोला गेला. दुसऱ्या एका पिचरचे विमान चुकले, त्यामुळे कोफॅक्सला लांब टप्पा टाकावा लागणार हे ठरूनच गेले. पूर्ण ताकदीने चेंडू फेकण्यापेक्षा थोडे हातचे राखून टाक, कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) टाक, फलंदाजांना चेंडू मारू दे, असे शेरीने त्याला सांगितले होते. पहिल्याच डावात कोफॅक्सने वॉक देऊन तिन्ही बेस भरले, शेरी माउंडवर गेला आणि त्याने तोच सल्ला पुन्हा दिला. या वेळी कोफॅक्सने तो ऐकला. सात डाव टाकून होईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना त्याच्याविरुद्ध एकही फटका मिळाला नव्हता.

त्याच सरावाच्या काळात केनी मायर्स या निरीक्षकाला आणखी एक गोष्ट दिसली. चेंडू टाकण्यापूर्वी कोफॅक्स इतका मागे झुकत असे की क्षणभर लक्ष्यच त्याच्या नजरेआड होई. हा दोष सुधारण्यात आला. आम्हाला विचाराल तर ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची होती, पण तिच्यात संवाद नाही, नाट्य नाही, म्हणून ती कमी वेळा सांगितली जाते. मुलांना शिकवताना आपल्याला ती अधिक उपयोगी पडेल असे वाटते, कारण “जोर कमी लाव” हे सांगून करून घेणे फार अवघड असते, तर चेंडू सोडताना मुलाची नजर कोठे आहे हे बाजूला उभे राहून पाहता येते.

आकडे काय सांगतात तेही पाहू. १९५८ मध्ये दर नऊ डावांना त्याचे वॉक जवळजवळ सहा होते, १९५९ मध्ये ५.४, १९६० मध्ये ५.१, १९६१ मध्ये ३.४, १९६२ मध्ये २.८ आणि १९६३ मध्ये १.७. म्हणजे उतार त्या विमानप्रवासाच्या आधीच सुरू झाला होता आणि नंतरही दोन वर्षे चालू राहिला. १९६१ ची घसरण सर्वांत मोठी आहे हे खरे, आणि शेरीचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याच वर्षी कोफॅक्सला प्रथमच अडीचशेहून अधिक डाव मिळाले, हे विसरून चालणार नाही. त्याने त्या हंगामात १८ सामने जिंकले, १३ हरले आणि २६९ फलंदाजांना स्ट्राइकआउट करून ख्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासून अबाधित असलेला २६७ चा नॅशनल लीगमधील विक्रम मोडला. गमतीची बाब अशी की दर नऊ डावांमागे पाहिले तर त्याचे स्ट्राइकआउट १९६० च्या १०.१ वरून ९.५ पर्यंत उतरले होते. चेंडू पूर्वीपेक्षा अधिक भेदक झाले म्हणून विक्रम झाला असे नाही. चौथ्या-पाचव्या डावात माउंडवरून उतरावे लागत नव्हते म्हणून तो झाला.

आणखी दोन कारणांचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, कारण कोफॅक्सच्या चाहत्यांना ती फारशी आवडत नाहीत. १९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर चार वर्षे त्याचे घरचे मैदान होते कोलिझियम, जे मुळात बेसबॉलसाठी बांधलेलेच नव्हते. तेथे डाव्या बाजूची सीमा अवघ्या अडीचशे फुटांच्या आसपास होती आणि तिच्यावर उंच जाळी लावलेली होती. उजव्या हाताचे फलंदाज जिकडे जोरदार फटके मारतात तीच ही बाजू, आणि डावखुऱ्या पिचरसमोर प्रतिस्पर्धी उजव्या हाताचेच फलंदाज उभे करतात. १९६२ मध्ये डॉजर स्टेडियम उघडले, जे पिचरांना अनुकूल म्हणून प्रसिद्ध झाले, आणि १९६३ मध्ये नियम बदलून स्ट्राइक झोनच खांद्यापासून गुडघ्याच्या खालच्या कडेपर्यंत वाढवण्यात आला. १९६३ मधील कोफॅक्सचे २५ विजय, ५ पराभव आणि दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची १.८८ ही सरासरी पाहताना या दोन गोष्टी हिशेबात धरायला हव्यात. त्याने त्याचे मोठेपण कमी होत नाही, कारण त्याच मैदानांवर आणि त्याच चौकटीत चेंडू टाकणारे इतर पिचरही होते, आणि त्यांच्यापैकी कोणी त्याच्या जवळपासही पोहोचले नाही.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका) : १९५९ मध्ये कोफॅक्सने एकाच सामन्यात १८ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते आणि त्याच वर्षी तो वर्ल्ड सिरीजमध्येही खेळला. मग १९६० पर्यंतची सगळीच वर्षे अपयशाची कशी म्हणता येतील?

उत्तर : अपयशाची म्हणणे अन्यायाचेच होईल, अस्थिरतेची म्हणू या. २२ जून १९५९ रोजी त्याने फिलाडेल्फियाच्या १६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि ३१ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या १८. बॉब फेलरने १९३८ मध्ये केलेल्या विक्रमाशी ही बरोबरी होती. तरीही हंगामाअखेर त्याचा हिशेब ८ विजय, ६ पराभव आणि दर नऊ डावांमागे चारांहून अधिक धावा असा मध्यमच राहिला.

त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमधील पाचव्या सामन्याची सुरुवात त्याने केली. कोलिझियमवर ९२,७०६ प्रेक्षक होते, आणि वर्ल्ड सिरीजच्या सामन्याला इतकी गर्दी त्यापूर्वीही झाली नव्हती व त्यानंतरही झालेली नाही. कोफॅक्सने सात डावांत एकच धाव दिली, तीही शिकागो व्हाइट सॉक्सचे दोन फलंदाज एकाच फटक्यावर बाद होत असताना निघालेली, आणि डॉजर्स ०-१ असे हरले. नशिबाची साथ नव्हती एवढेच याबाबत म्हणता येईल.

यानंतर आलेले १९६० साल मात्र खरोखर वाईट गेले. आपल्याला पुरेसे सामने मिळत नाहीत, तेव्हा दुसऱ्या संघाकडे पाठवा, अशी मागणी त्याने संघाचे महाव्यवस्थापक बझी बव्हेसी यांच्याकडे हंगामाच्या सुरुवातीलाच केली होती. मेमध्ये त्याने पिट्सबर्गविरुद्ध फक्त एक फटका देणारा सामना टाकला, तरी वर्ष संपले तेव्हा ८ विजय आणि १३ पराभव नावावर होते. शेवटच्या सामन्यानंतर त्याने आपले हातमोजे आणि बूट कचऱ्यात टाकले. बेसबॉल सोडून व्यवसायात पडण्याचा विचार तो गंभीरपणे करत होता. संघाच्या सामानाची व्यवस्था पाहणारे नोबी कावानो यांनी ते सामान उचलून ठेवले आणि कोफॅक्स पुढच्या वर्षी परत आला तेव्हा त्याच्या हवाली केले. आणखी एक वर्ष पूर्ण मेहनत घेऊन पाहायची, असे ठरवून तो आला होता. १९६१ च्या बदलाचा शोध घेताना शेरी आणि मायर्स यांच्या बरोबरीने या निश्चयालाही जागा द्यायला हवी.

प्रश्न (पुणे) : कोफॅक्सला वयाच्या तिसाव्या वर्षीच निवृत्त व्हावे लागले. इतक्या लहान वयात मेजर लीगमध्ये उतरवल्यामुळेच त्याचा हात निकामी झाला का?

उत्तर : तसे दिसत नाही. पहिल्या सहा हंगामांत त्याने ६९१⅔ डाव टाकले, तर शेवटच्या दोनच हंगामांत ६५८⅔. डाव्या कोपराच्या दुखण्याने तोंड वर काढले ते ऑगस्ट १९६४ मध्ये, दुसऱ्या बेसवर परत झेप घेताना हात आदळल्यानंतर, आणि निदान संधिवाताचे झाले. त्यानंतरची दोन वर्षे तो वेदनाशामक औषधे आणि इंजेक्शने घेऊन, आणि प्रत्येक सामन्यानंतर हात बर्फाच्या पाण्यात बुडवून खेळला. याच अवस्थेत त्याने १९६५ मध्ये ३८२ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि १९६६ मध्ये २७ सामने जिंकले. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. सुरुवातीची सक्तीची विश्रांती मिळाली नसती तर हात याहूनही आधी गेला असता, असा तर्क काही जण करतात. तो तपासण्याचा कोणताही मार्ग नाही, म्हणून आम्ही त्याला तर्कच म्हणतो.

प्रश्न (ठाणे) : एखाद्या भारतीय तरुणाला पिचर म्हणून अमेरिकेत व्यावसायिक करार मिळाला आहे का?

उत्तर : होय. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना, २००८ साली भारतात घेतलेल्या वेगवान चेंडू फेकण्याच्या स्पर्धेनंतर, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार मिळाला. करार करणारा संघ होता पिट्सबर्ग पायरेट्स, ज्याने चोपन्न वर्षांपूर्वी कोफॅक्सची चाचणी घेऊनही त्याला सोडून दिले होते. स्पर्धेपूर्वी दोघांनीही बेसबॉल हाती घेतलेला नव्हता. माजी पिचर टॉम हाउस यांच्याकडे अमेरिकेत शिक्षण घेतल्यावर २००९ मध्ये ते मायनर लीगच्या अगदी खालच्या पायरीवरून खेळू लागले. रिंकू सिंग कोफॅक्सप्रमाणेच डावखुरा. तो काही वर्षे टिकला, मायनर लीगच्या मधल्या पायऱ्यांपर्यंत पोहोचला, पण दुखापतींनी पुढची वाट अडवली आणि मेजर लीग दोघांनाही गाठता आली नाही. तोच रिंकू सिंग पुढे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत वीर महान या नावाने उतरला.